खणाला खण

‘खण’ या दोन अक्षरांच्या शब्दाने मराठी संसाराचा जेवढा व्याप आपल्या पोटात घेतला आहे, तेवढा दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच घेतला असेल. जुन्या वाड्यात दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणत आणि घर किती खणी आहे एवढ्या एका प्रश्नावरून धन्याची ऐपत ताडीत. फडताळाच्या वा मेजाच्या कप्प्याला खण म्हणतात आणि त्यात कात्री, मेणबत्ती, सुटे पैसे व कुणाची तरी जन्मपत्रिका ही सारी मंडळी वर्षानुवर्षे एकत्र नांदतात. आणि ज्या काठदार वस्त्राने सुवासिनीची ओटी भरतात, तोही खणच. वास्तूचा खण, वस्तूंचा खण आणि वस्त्राचा खण असे तीन निरनिराळे अर्थ मी लहानपणापासून वापरीत आलो. परंतु यांतील दोन एकाच जागी, एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसलेले पाहण्याचा योग मला आयुष्याच्या उत्तरार्धात आला, आणि तोही एखाद्या वाड्यात नव्हे, तर चाकणच्या औद्योगिक मुलखात, महाळुंग्याच्या रस्त्यालगत असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. मोटारीच्या खणांना, म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्याला, दारांच्या खिशांना, दोन आसनांमधल्या पेटीला आणि मागच्या डिकीतल्या कोनाड्यांना, त्या त्या गाडीच्या व त्या त्या माणसाच्या मापाने कापडाची अस्तरे आणि आच्छादने बेतून शिवणारा एक कारागीर तेथे बसतो.

महाळुंगे या नावाची गावे पुणे जिल्ह्यात एकाहून अधिक असल्यामुळे सरकारी दप्तरात या गावाची नोंद महाळुंगे इंगळे अशी होते. तालुका खेड. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याने खराबवाडी मागे टाकली की हे गाव लागते. त्याचे नाव ऐकले की मला प्रथम महाळुंग हे फळ आठवते, जे कोल्हापूरच्या अंबाबाईने आपल्या एका हातात धरले आहे. आणि अंबाबाई आठवली की खणा-नारळाची ओटी आपोआप डोळ्यांपुढे येते. आज मात्र या रस्त्यावर डोळ्यांपुढे येतात ते कंटेनर, लोखंडी गुंडाळ्या वाहणारे लांबलचक ट्रक आणि पाळी बदलण्याच्या वेळी कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांच्या रांगा. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा जो संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने झुंजवला, त्याचे अवशेष येथून थोड्याच अंतरावर उभे आहेत. कांद्याच्या बाजारासाठी चाकणची ख्याती तर आमच्या आजोबांच्या तोंडीही होती. त्या कांद्याच्या आणि ज्वारीच्या रानांत १९९९ साली महाळुंग्याच्या हद्दीत बजाजचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने या परिसरात उभे राहिले, पाठोपाठ महिंद्र आले, आणि या मोठ्या घरांच्या वळचणीला सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची एवढी दाटी झाली की निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, वासुली ही गावे, जी पूर्वी केवळ तलाठ्याला आणि तेथल्या सोयऱ्यांना ठाऊक असत, ती आता परदेशातून निघणाऱ्या मालाच्या पेट्यांवर छापलेली आढळतात.

या मुलखाविषयी लिहिणारे बहुधा कारखान्यांविषयी लिहितात, आणि ते स्वाभाविकही आहे. मला मात्र येथे ओढून आणले ते माझ्या मोटारीने.

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डचा खण गेली दोन वर्षे वाजत होता. रस्ता गुळगुळीत असला की तो स्वस्थ असे. पण जरा खडी लागली की आत कुणी मूठभर चिंचोके हलवत असल्याचा भास होई, आणि हा आवाज एकदा कानात शिरला की इंजिनाचा, वाऱ्याचा, शेजारी बसलेल्या माणसाच्या बोलण्याचा, कसलाच आवाज पुरतेपणी ऐकू येईनासा होई. दोन ठिकाणी दाखवून झाले. एके ठिकाणी बिजागरीत कागदाची घडी कोंबून दिली. दुसऱ्या ठिकाणी ‘एवढं चालायचंच’ असे सांगून बोळवण केली. अखेरीस एका परिचिताने महाळुंग्याच्या या शेडचा पत्ता दिला.

कारागीर पन्नाशीच्या आतबाहेरचा, मूळचा लातूरकडचा. तरुणपणी कामाच्या शोधात भोसरीला आला, आसनांची आवरणे शिवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर पुष्कळ वर्षे राहिला, आणि कंत्राट संपल्यावर, गावी परतण्याऐवजी, एक जुनी जड शिलाई मशीन विकत घेऊन येथे बसला. बरोबर पत्नी आहे. हातशिलाईचे, काजाचे आणि गोटाचे नाजूक काम तिच्याकडे असते. मी गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि तक्रार सांगू लागलो, तो त्याने हातानेच मला थांबवले. इंजिन पुन्हा चालू करायला लावले, मोकळ्या मैदानातल्या उंचसखल जागेवरून गाडी दोनदा फिरवायला सांगितली आणि स्वतः शेजारच्या आसनावर डोळे मिटून बसला.

“काका, ही खडखड आहे, करकर नव्हे,” तो म्हणाला. “खडखड असली की वस्तू सैल. करकर असली की वस्तू घट्ट.”

हा भेद मराठी कानाला जन्मजात ठाऊक असतो. परंतु त्यामागे केवढे शास्त्र उभे आहे हे मला त्या दिवशी उमगले. वाहननिर्मितीच्या कारखान्यांत याच एका विषयासाठी स्वतंत्र अभियंते नेमलेले असतात. खडखडीत दोन वस्तूंमध्ये फट असते आणि धक्क्यासरशी त्या एकमेकींवर आदळतात. करकरीत फट मुळीच नसते. दोन पृष्ठभाग एकमेकांना क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात, पुन्हा सुटतात, आणि हे एका सेकंदात शेकडो वेळा घडले की त्याचा नाद होतो. राळ लावलेला गज सारंगीच्या तारेवरून फिरतो तेव्हा घडते तेही हेच. एकाच नियमातून एके ठिकाणी मारवा निघतो आणि दुसरीकडे प्रवासभर डोके उठते. कापडाची महती अशी की दोहोंवर ते उतारा आहे: जाड, लवदार कापड फट भरून काढते म्हणून खडखड जाते, आणि कठीण प्लास्टिकावर कठीण प्लास्टिक घासू देत नाही म्हणून करकरही जाते. महाग गाड्यांच्या खणांना आतून जे मखमली अस्तर असते त्याचे प्रयोजन केवळ ऐट नव्हे. आतल्या पृष्ठभागावर आधी गोंद फवारतात, मग अर्ध्या-एक मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे तंतू विजेच्या क्षेत्रात सोडतात, आणि विद्युतभार आल्यामुळे ते सारे तंतू शिपायांसारखे ताठ उभे राहून गोंदात रुततात. लहान गाड्यांच्या किमतीत हा खर्च बसत नाही; त्यांचा खण उघडाबोडका राहतो, आणि त्यात पडलेले नाणे मालकाला रस्ताभर आपली आठवण देत राहते.

त्याने खण रिकामा करायला घेतला. हे काम मी त्याच्याआधीच घाईघाईने उरकू पाहत होतो, कारण आपल्या खणातला पसारा परक्याच्या दृष्टीस पडावा याचा मला संकोच वाटत होता. परंतु त्याने मला बाजूला सारले आणि एकेक वस्तू बाहेर काढून पत्र्याच्या ताटात मांडली. गाडीच्या नोंदणीची व विम्याची कागदपत्रे, धुराच्या तपासणीचे दाखले, टोलच्या फिकट झालेल्या पावत्या, जुना चष्मा, विजेरी, औषधाची पट्टी, भीमाशंकरच्या अंगाऱ्याची पुडी, आणि तळाशी अकरा नाणी. सगळे मांडून झाल्यावर त्याने विचारले, “यातलं रोज काय लागतं?”

गाडी तयार करणाऱ्यांनी त्या खणाची लांबी, रुंदी, खोली, झाकणाचा कोन, बिजागरीचा जोर हे सारे निश्चित केले असणार. परंतु हा प्रश्न ते कुणाला विचारणार? एकाच साच्यातून निघालेले लक्षावधी खण लक्षावधी घरांत जातात आणि प्रत्येक खणाचा संसार निराळा होतो. मी चष्मा आणि कागदपत्रे म्हणालो. त्याने भिंतीला टेकवलेल्या फळीवर खडूने दोनच शब्द लिहिले, ‘चष्मा, कागद’, आणि मग मोजपट्टी हाती घेतली.

खणाच्या दोन्ही बाजू तळहातांनी आत दाबताच अडकणी सुटली आणि सबंध पेटी खाली लोंबली. पुष्कळ गाड्यांत तिच्या मागे आतल्या हवेची गाळणी असते. माझ्या गाडीतही होती, आणि चाकणच्या धुळीने ती करड्या गोधडीसारखी झाली होती. ती त्याने न सांगता झटकून ठेवली. पेटी पाटावर घेतली. तपकिरी कागदाचा एक तुकडा तळात घालून तो मुठीने कोपऱ्यांत दाबला, पेन्सिल आडवी धरून कडांवरून घासली, आणि कागद उचलला तेव्हा तळाची आकृती त्यावर उमटलेली होती. मग पाठ, मग दोन बाजू, मग झाकणाचा आतला भाग, असे पाच कागद झाले. प्रत्येकावर मधली रेघ, आणि जेथे एक तुकडा दुसऱ्याला भेटणार तेथे जोडीजोडीने खाचा. या कागदी आकृतीला त्या धंद्यात फर्मा म्हणतात. “फर्मा चुकला की सगळं चुकलं. मशीनवर काहीच सुधारत नाही,” तो म्हणाला.

मला वाटले होते की पेटी चौकोनी आहे, तेव्हा पाच चौकोन कापले की भागले. त्याने कंपास आणि गुण्या लावून दाखवले की तिच्यात एकही काटकोन नाही. प्लास्टिकची वस्तू साच्यातून सुटून यावी म्हणून तिच्या भिंतींना एखाद-दोन अंशांचा उतार ठेवावाच लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण चौकोन मानून कापलेले कापड तळाशी गोळा होऊन त्याच्या चुण्या पडतात, आणि नवशिक्या कारागीर तो दोष कापडाला देतो. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म. उशीचा अभ्रा बाहेरून चढतो, म्हणून तो उशीहून किंचित मोठा हवा. अस्तर आत उतरते, म्हणून ते खणाहून लहान हवे, आणि किती लहान हे कापडाच्या व खालच्या फोमच्या जाडीवर अवलंबून. तीन मिलिमीटरचा फोम दोन्ही भिंतींना आला की सहा मिलिमीटर तेथेच खर्ची पडले. शिवणीचा दाबही मागे, प्लास्टिकच्या बाजूला वळवावा लागतो. जन्मभर सदरे शिवणाऱ्या निष्णात शिंप्यालाही हे उलटे गणित प्रथम चकवते. कारण सदरा माणसाच्या बाहेर असतो, आणि येथे कापडाने पोकळीला सदरा घालायचा असतो.

मी विचारले, एवढा खटाटोप कशाला, गोंदाने कापड चिकटवून टाकले तर? त्याने पेटीच्या मागच्या बाजूला कोरलेली दोन बारीक अक्षरे दाखवली. ती पॉलिप्रॉपिलीनची खूण होती. या प्लास्टिकाचा स्वभावच असा निःसंग की त्याच्यावर बहुतेक गोंद धरत नाहीत. ज्याला बाजारात सोल्युशन म्हणतात ते लावले तर आठवडाभर छान दिसते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडी दुपारभर उभी राहिली की कडा सुटून कापड जिभेसारखे बाहेर येते. शिवाय चिकटवलेले कापड धुता येत नाही, आणि पावसाळ्यात ओला रुमाल आत राहिला की त्याला बुरशीचा वास धरतो तो जातच नाही. म्हणून त्याची रीत अशी की अस्तराने आपल्या आकाराच्या बळावरच उभे राहावे: दोन कापडांमध्ये पातळ ताठ पत्रा, कडेला तिरक्या पट्टीचा गोट, आणि गोटाच्या पोटात एक लवचीक पट्टी, जी खणाच्या ओठाखाली जाऊन बसते. गोटाची पट्टी तिरकीच का? ताणा आणि बाणा यांच्या दिशेने कापड ताणत नाही, कर्णाच्या दिशेने ताणते. म्हणून वळणदार कडेवर तिरकी पट्टीच सुरकुती न पडता वळते. ही विद्या गळ्याला गोट लावणाऱ्या प्रत्येक शिंप्याला अवगत असते.

मशीन पाहण्यासारखी होती. साध्या मशीनमध्ये खालचे दात कापड पुढे ओढतात आणि वरचा पाय नुसता दाबून धरतो; येथे वरचा पायही दातांबरोबर पाऊल टाकीत चालतो, त्यामुळे रेक्झिन, फोम आणि अस्तर असे तीन थर असले तरी वरचा थर मागे राहत नाही. टाका त्याने मुद्दाम लांब ठेवला. घाई करणाऱ्याला वाटते की बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण. सुताच्या कापडात ते खरे आहे, पण रेक्झिनला पडलेले भोक पुन्हा बुजत नाही, आणि जवळजवळ पडलेल्या भोकांच्या रेषेवर ते पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते.

टीप संपल्यावर उरलेल्या कापडाची वीतभर पट्टी कापून तो शेडबाहेर गेला, चिमट्यात ती आडवी धरली आणि तिच्या टोकाला काडी लावली. पट्टी काळवंडली, आक्रसली आणि काडी दूर होताच विझली. मोटारीच्या आत वापरायच्या कापडासाठी भारतीय मानक आहे, आय.एस. १५०६१, आडव्या धरलेल्या नमुन्यावर ज्योत मिनिटाला १०० मिलिमीटरहून अधिक वेगाने पुढे सरकता कामा नये, असा त्याचा दंडक. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत ही परीक्षा बंद पेटीत, मोजलेल्या ज्योतीवर, घड्याळ लावून होते. काडी आणि चिमटा ही काही त्या परीक्षेची जागा घेऊ शकत नाहीत, हे त्यालाही मान्य आहे. परंतु ज्या बाजारात फुटावर विकल्या जाणाऱ्या कापडाच्या ताग्यावर कसलीच मोहर नसते, तेथे प्रत्येक ताग्याची पट्टी स्वतः जाळून पाहणारा माणूस मला पुष्कळ मोठा वाटतो. कारखान्यातून तो जे घेऊन आला त्यात मशीन चालवण्याच्या कौशल्याहून ही सवय अधिक मोलाची आहे.

तेथूनच आलेली आणखी एक गोष्ट. मी बसलो असताना एक तरुण आपली नवी गाडी घेऊन आला आणि सबंध डॅशबोर्डला वरून मखमलीचे आच्छादन मागू लागला. पैशाचा प्रश्न नाही, असेही त्याने सांगितले. कारागिराने साफ नकार दिला. भारतात चालकापुढची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि नव्या प्रतिरूपांत शेजारच्या आसनापुढची एप्रिल २०२१ पासून; ही दुसरी पिशवी खणाच्या वरच्याच अंगाला, डॅशबोर्डच्या पोटात घडी घालून ठेवलेली असते आणि टकरीच्या वेळी डोळ्याचे पाते लवण्याआधी तिला बाहेर यावे लागते. तिच्या वाटेत घट्ट ताणलेले कापड म्हणजे बंद दार. आसनाच्या कुशीत जेथे अशी पिशवी असते तेथे कारखान्यात मुद्दाम कच्ची शिवण घालतात. तेवढ्या वितीसाठी दोरा निराळा, मशीन निराळी, आणि प्रत्येक शिवणीची नोंद. पक्की टीप मारण्यात ज्याने हयात घालवली त्याला तेथे, नेमक्या वेळी उसवेल असा टाका घालायला शिकवतात. “आम्ही रोज तेच शिवत होतो. उसवायची शिवण,” तो त्या तरुणाला म्हणाला. तरुण दारांच्या खिशांची अस्तरे शिवून घेण्यावर राजी झाला.

काम चालू होते तेवढ्यात चहा आला आणि मला मोटारीच्या या अवयवांच्या नावांचा विचार सुचला. डॅशबोर्ड ही मूळची घोडागाडीची फळी; घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ती लावीत. डिकी म्हणजे गाडीच्या मागे नोकराने बसायची जागा. नोकर गेला आणि सामान आले, तरी आपल्याकडे नाव तेच राहिले. आणि हातमोज्यांचा खण! उघड्या मोटारींच्या काळात हातमोजे ही चालकाची निकड होती. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालिकेने १९०९ साली स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आसनाखालच्या छोट्या खणाचे मोठे कौतुक केले आहे; त्यात जादा हातमोजे, रुमाल आणि आरसा ठेवावा, असा तिचा सल्ला आहे. आपल्या हवेत हातमोजे कुणी घालीत नाही, पण खण मात्र आपण असा आपलासा केला की जणू तो बटव्याचाच पुढचा अवतार.

आणि तो तसा आहेही. प्रवासाला कापडी खण करण्याची विद्या या मातीत परकी नाही. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी पडशी, कमरेचा कसा, पानसुपारीच्या कप्प्याकप्प्यांची चंची, आजीचा बटवा, ही सारी कापडाचीच कपाटे. खोगिरात भरायच्या चिंध्यांवरून तर ‘खोगीरभरती’ हा शब्द भाषेत आला, तो निंदेचा अर्थ घेऊन. पण त्या चिंध्या नीट भरलेल्या नसत्या तर अटकेपर्यंत घोडे दौडले नसते, ते जखमी पाठीने नर्मदेलाच बसले असते, असे मला नेहमी वाटते. मोलाच्या वस्तूला वस्त्र हवे, ही आपली जुनी समजूत आहे. म्हणून तंबोऱ्याला गवसणी, बैलाला झूल, पोथीला रुमाल. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत तंबू, कनाती आणि बिछायती सांभाळणारा फरासखाना हा स्वतंत्र कारखाना होता, आणि त्याचे नाव आज पुण्यात एका पोलीस ठाण्याच्या रूपाने उरले आहे. ‘कारखाना’ या शब्दाच्या अर्थात तेव्हा कापड जपणारी माणसे येत असत, ही गोष्ट चाकणच्या धुराड्यांखाली उभे राहून आठवण्याजोगी आहे.

सार्वजनिक वाहनांनीही ही हौस जपली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली तेव्हा आसने काथ्याची होती. पण पुढे पुणे-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’ या दोन आरामगाड्या आल्या, त्यांत पडदे होते, आतली सजावट होती, भिंतीवर घड्याळ होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तर आपल्या प्रीमियर पद्मिनींची छते फुलाफुलांच्या कापडाने सजवली. २०१५ साली संकेत अवलानी यांनी तरुण चित्रकारांना हाताशी धरून या टॅक्सींची आसने आणि छते नव्या आकृतींच्या कापडांनी मढवण्याचा उपक्रम चालवला, तेव्हा जुन्या रीतीला कलेचा मान मिळाला. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेने निवृत्त झाली. तिच्या छताचे कापड कुणी जपून ठेवले असेल तर त्याने फार चांगले केले.

महाळुंग्याच्या शेडमध्ये एका खुंटीवर एक अर्धवट झालेले काम टांगलेले होते, ते मी निघता निघता पाहिले. निघोज्याच्या बाजूला कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलीने जुनी गाडी विकत घेतली, घराण्यातले पहिले चारचाकी वाहन. तिच्या आईने गाडीला कुंकू लावले, नारळ वाढवला, आणि तिला स्वतःला ओटीत आलेला एक खण, जो पेटीत जपून ठेवला होता, तो मुलीच्या हाती देऊन सांगितले की हा गाडीत कुठेतरी लावून घे. गर्द हिरवा, लाल काठाचा, बागलकोटकडच्या गुळेदगुड्डच्या विणकरांच्या धाटणीचा. असा खण वजनाला पाकळीसारखा. त्यावर मशीनची जड सुई चालली तर धागे तुटून काठच उसवेल, आणि रोजच्या घासण्याला तर तो महिनाभरही पुरणार नाही. कारागिराने दोन दिवस त्याला हात लावला नाही. मग त्याच्या पत्नीने तोड काढली. खण आतल्या भिंतींना नकोच. झाकणाच्या आतल्या अंगाला, जेथे वस्तू घासत नाहीत आणि जो भाग झाकण उघडताच समोर येतो, तेथे लावायचा. मागे दणकट, विझणारे कापड, आणि दोन्ही एकत्र धरण्यासाठी हातचा धावदोरा, गोधडीला घालतात तसा. ती माऊली तोच धावदोरा घालीत बसली होती. काठाच्या रेघेला समांतर, जवळजवळ तांदळाएवढा एकेक टाका. आणि प्रत्येक ओळ संपली की ती कापड उलटे करून अंगठ्याने चाचपी, कुठे चुणी तर आली नाही ना म्हणून.

“त्या ताईंना सांगून ठेवलंय,” ती मान वर न करता म्हणाली, “यात काडेपेटी, उदबत्ती काही ठेवायचं नाही.”

मजुरीवरून घासाघीस करणारे लोक मी त्या दोन तासांत दोघे पाहिले. गाडीवर लाखो रुपये खर्च करणारा माणूस अर्ध्या दिवसाच्या हातकामाचे पैसे देताना हात आखडतो, आणि तयार मालाच्या पाकिटावरची किंमत दाखवून ‘एवढ्यात तर अख्खा संच येतो’ असे सुनावतो, ही गोष्ट मला मनापासून लागते. तो तयार संच सर्वांना बसेल असा शिवलेला असतो, म्हणूनच कुणालाच नीट बसत नाही. त्यात चष्म्याचा कप्पा असतो, पण तो माझ्या चष्म्याचा नसतो. कारागीर मात्र या बोलण्यावर चिडत नाही. दसरा आणि दिवाळीचा पाडवा तोंडावर आले होते, साडेतीन मुहूर्तांतले दोन; नव्या गाड्यांची रीघ लागणार होती, आणि त्याच्याकडे वेळ नव्हता.

माझे अस्तर तयार झाले. करड्या जाड कापडाचे, कडेला काळा गोट. आत डाव्या हाताला चष्म्यासाठी लवदार कापडाचा खिसा, मागे कागदपत्रांसाठी उभा कप्पा, आणि नाण्यांसाठी, मी मागितला नसताना, दाबून बंद होणारी एक लहानशी पिशवी. त्याने पेटी जागेवर चढवली, अस्तराचा काठ ओठाखाली सरकवला, चारही कोपरे बोटाने दाबले आणि ताटातल्या वस्तू, अंगाऱ्याच्या पुडीसकट, ज्या त्या जागी ठेवल्या. झाकण लावले. पूर्वी ते लागताना फटकन वाजे. आता जाड पुस्तक मिटल्यासारखा एक दबका आवाज झाला. मैदानातल्या त्याच उंचसखल जागेवरून आम्ही गाडी पुन्हा दोनदा फिरवली. तो पुन्हा डोळे मिटून बसला होता. दुसऱ्या फेरीला त्याने नुसती मान हलवली.

शेडमध्ये परतल्यावर त्याने माझ्या गाडीचे पाचही कागदी फर्मे एकावर एक ठेवले, कोपऱ्यात भोक पाडून त्यांतून दोरा ओवला आणि वरच्या कागदावर पेन्सिलीने गाडीचे नाव, साल आणि त्याखाली ‘उजवी बिजागरी सैल, चष्मा, कागद’ असे लिहिले. भिंतीवर आडव्या ताणलेल्या तारेवर असे शेकडो जुडगे लटकत होते. वॅगन-आर, बोलेरो, स्विफ्ट, नेक्सॉन, काही इतके जुने की कागद तंबाखूच्या पानासारखा झाला होता. बाहेर पाळी बदलली होती आणि बसगाड्यांचे दिवे रस्त्यावर एकामागून एक लागत होते. त्याने स्टुलावर चढून तारेवर थोडी जागा केली आणि माझा जुडगा बोलेरो व स्विफ्ट यांच्यामध्ये अडकवला.